सावरीची पाठ

दिघा, नवी मुंबई
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय रावसाहेबदादा,
सप्रेम जयभीम.

सख्ख्या भावाला आजकाल कोणी पत्र लिहितं का, असं पोस्टातल्या बाईंनीही विचारलं. मी म्हटलं, आमच्या दादाला फोन लावला की तो आधी ‘तू ऐक’ म्हणतो, मग ‘कळलं का?’ म्हणतो आणि मग फोन ठेवून देतो. पत्र मधेच तोडता येत नाही. तेव्हा चष्मा लावा, बसा आणि पूर्ण वाचा.

सावरी विकायची नाही. हे पहिलं. बाकीचं सगळं याच्यानंतर.

घणसोलीच्या वरातीत सावरीने नवरदेवाला पाडलं, हे खरं. त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, हेही खरं. तुम्ही सेलूला बसून तो पाहिलात आणि संध्याकाळपर्यंत ठरवून मोकळे झालात की घोडी बिथरली, आता तिचा भरवसा नाही. एवढ्यावर थांबला असतात तरी मी गप्प बसले असते. पण तुम्ही त्या मानसिंगला परस्पर शब्द देऊन बसलात. पाच जानेवारीला तो टेम्पो घेऊन येणार आणि आबांची घोडी डोंगरावर पर्यटकांना वाहायला नेणार. दगडाधोंड्यांच्या वाटेने, दिवसभर वरखाली. दादा, आबांना जाऊन नऊ महिने झाले. नऊ महिने तिला खरारा कोण करतंय, चंदी कोण घालतंय? मी आणि अंकुश. कंपनीतली ड्युटी संपवून तो आधी शेडमध्ये जातो, मग घरी येतो. माझा नवरा आहे म्हणून सांगत नाही, खरंच जातो. कागदावर घोडी तुमच्या नावाने आहे, कारण आबांनी सगळंच थोरल्याच्या नावाने केलं. पण सावरीला कागद वाचता येत नाही.

आता मुद्द्याचं. ऐरोलीच्या ॲक्युप्रेशर सेंटरमध्ये मी अकरा वर्षं लोकांच्या माना आणि पाठी दाबते, हे तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही त्याला हसता, हे मला माहीत आहे. तिथे एक गोष्ट मी शिकले. माणूस तोंडाने सांगतो की खांदा दुखतो, आणि बोट कमरेवर ठेवलं की ओरडतो. आमच्या मॅडमनी घोड्याचा तक्ता काढून दिला, बिंदूंच्या खुणा केलेला. तो घेऊन काल मी सावरीच्या पाठीवरून हात फिरवला. कण्यापासून चार बोटं सोडून, डाव्या बाजूला, खोगीर बसतं त्या जागेच्या मागच्या टोकाला हात गेला, आणि तापलेला तवा लागावा तशी तिने पाठ खाली टाकली. दुसरीकडे कुठेही नाही. तिथेच. तीन वेळा केलं, तीनही वेळा तिथेच.

बिथरलेलं जनावर मोजून एकाच जागी बिथरत नाही. तिला दुखतंय. मानसिंगला कळवा की येऊ नको.

तुमची,
शर्मिला


सेलू, जि. परभणी
२६ नोव्हेंबर २०२४

चि. शर्मिला,
जयभीम.

पत्र पूर्ण वाचले. दोनदा वाचले. आता तू माझे वाच.

मी पशुसंवर्धन खात्यात चौतीस वर्षे काढली. अडलेल्या म्हशी सोडवल्या, पोट फुगलेले बैल उठवले, रानडुकराने फाडलेली वासरे शिवली. या चौतीस वर्षांत एकही जनावर मी बोटाने दाबून बरे केले नाही आणि कोणी केलेले पाहिले नाही. ऐरोलीत एसीत बसणाऱ्या लोकांना पाठ दाबून बरे वाटत असेल. त्यांना दुपारची झोप मिळाली तरी बरे वाटेल. घोडी म्हणजे तुझे गिऱ्हाईक नव्हे.

सावरी चौदा वर्षांची आहे. या वयात जनावराचा स्वभाव फिरतो. उद्या कोणाचा नवरदेव मान मोडून घेईल, तेव्हा पोलीस तुझा तक्ता बघणार नाहीत. मानसिंग माझ्या ओळखीचा आहे, घोड्यांना मारत नाही. त्याला शब्द दिला आहे. आपल्या घरात दिलेला शब्द माघारी घेत नाहीत, हे आबांनीच शिकवले.

एक सांगायचे राहिले. घोडी जाईल तेव्हा खोगीर मानसिंगला देऊ नकोस. ते माझ्याकडे पार्सल कर. आबांची आठवण म्हणून मी ठेवीन. उघडू-बिघडू नकोस, आहे तसे गोणपाटात बांधून पाठव.

अंकुशरावांना जयभीम.

रावसाहेब


दिघा
५ डिसेंबर २०२४

दादा,
जयभीम.

तुमचं पत्र अंकुशला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “तुझा भाऊ पत्रात पण रिटायर झाला नाय.”

आता माझी चूक आधी सांगते, म्हणजे तुम्हाला हसायला मिळेल. पहिल्या दिवशी मी सावरीला तशीच दाबली, जशी सेंटरमध्ये कॉम्प्युटरवाल्या पोरांना दाबते. अंगठा रोवून, सगळा भार टाकून. तिने मान वळवली आणि माझा दंड धरला. सगळे दात उमटले. बरोबर केलं तिने. दुखऱ्या जागेवर कोणी माझ्या असा अंगठा खुपसला असता तर मीही चावले असते.

मग मॅडमनी समजावलं. आधी लांबून सुरुवात करायची, मानेकडून. दुखरी जागा शेवटी, आणि तीही नुसता तळवा ठेवून. जोर करायचाच नाही, वाट बघायची. घोडीकडे बघायचं, हाताकडे नाही. तिचे कान सैल पडले, ती ओठ चाटायला लागली, की समजायचं लागू पडतंय. आठव्या दिवशी तिने जांभई दिली, दादा. एवढी मोठी, दाढा दिसल्या. डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि उभ्याउभ्या डोळे मिटले. मी रडले. सांगायला लाज वाटत नाही.

आणि तुम्हाला वाटतं तशी मी खुळी नाही. जनावरांच्या डॉक्टर मैत्री इथे येऊन गेल्या. त्यांनी तपासलं, आतला स्नायू सुजलाय म्हणाल्या, इंजेक्शन दिलं, लावायला मलम दिलं. मी विचारलं, मी दाबते ते चालेल का? त्या म्हणाल्या, “चालेल की. औषधाच्या ऐवजी नाही, औषधाबरोबर. तिला आराम मिळतो आणि तुम्हाला दुखणं कळतं.” खोगीरही बघून घ्या म्हणाल्या. मी बघितलं. गादी मऊ आहे, मखमल नवी आहे, आणि ते आबांचं खोगीर आहे. त्यात काय असणार?

आज सतरा दिवस झाले. तीच जागा दाबली तरी ती हलत नाही. मोकळी चालते, पळते. मी तळवलीची वरात घेतली आहे, पंधरा डिसेंबरची. आता माझाही शब्द ऐका. सावरी नीट चालली, तर मानसिंगला तुम्ही स्वतः नाही म्हणायचं. नाही चालली, तर पाच जानेवारीला मीच तिला टेम्पोत चढवीन.

शर्मिला


सेलू
११ डिसेंबर २०२४

चि. शर्मिला,
जयभीम.

पैजा कसल्या लावतेस? घोडी वरातीला नेऊ नकोस.

नेणारच असशील, आणि तू नेशीलच, तर खोगीर घालू नकोस. नुसती जाड झूल टाक आणि वर गादी बांध. ते खोगीर जुने झाले आहे, लग्नात शोभत नाही.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. पत्र मिळताच फोन कर.

रावसाहेब


दिघा
१८ डिसेंबर २०२४

दादा,

तुमचं पत्र काल मिळालं. वरात त्याआधीच, पंधरालाच झाली.

तुम्ही जिंकलात.

देवळाजवळून निघालो तेव्हा सगळं छान होतं. बेंजो, फटाके, सावरीने कान हलवला नाही. खोगिरावर आबांच्या हौसेची ती एलईडीची छत्री लावली होती. लोक फोटो काढत होते. मला इतका अभिमान वाटत होता की मी मनातल्या मनात तुम्हाला पत्र लिहीत होते. अर्ध्या तासाने ती थांबली. पाठ खाली टाकली. अंकुशने लगाम धरला, मी मानेला हात लावला, पण तिचे डोळे पांढरे झाले होते. नवरदेवाचे काका ओरडले, “ए बाय, घोरीला आवर ना! तुज्याना होत नाय तं आनली कनाला?” आणि पुढच्या क्षणी नवरदेव फुलांच्या माळांसकट खाली. नशीब, त्याला खरचटण्यावर भागलं. वरात पुढे पायी गेली. आम्ही तिघं गावाबाहेर रस्त्याच्या कडेला उभे होतो, मी, अंकुश आणि सावरी.

तेव्हा माझा शब्द खरा. पाच तारखेला मी तिला चढवीन.

पण एक सांगते. आबांचं खोगीर शोभत नाही म्हणालात, ते मला लागलं. माझ्या दाबण्याला हसा, मला हसा. आबांनी ते खोगीर आजारपणात मांडीवर घेऊन पुसलंय. जन्मभर शोभलं ते.

शर्मिला


दिघा
२२ डिसेंबर २०२४

दादा,

तुमच्या उत्तराची वाट बघत नाही. हे दुसरं पत्र.

मागचं पत्र टाकून आले त्या दिवशी, वरातीनंतर पहिल्यांदाच, मी सवयीने सावरीपाशी गेले. हात मानेपासून मागे नेला. आणि तीच जागा. चार बोटं सोडून, डाव्या बाजूला. पहिल्या दिवसापेक्षाही वाईट. मी तिथेच बसले आणि विचार केला. चार आठवड्यांत जी पाठ माझ्या हाताखाली लोण्यासारखी मऊ झाली, ती अर्ध्या तासात दगड कशी झाली? त्या अर्ध्या तासात नवीन काय होतं? बेंजो नवीन नाही. फटाके नवीन नाहीत. चार आठवडे तिच्या पाठीवर फक्त एक गोष्ट नव्हती.

मी खोगीर घरात आणलं, उलटं केलं आणि गादीवर माझा अंगठा रोवला. जसा तिच्यावर रोवला होता तसा, सगळा भार टाकून. रक्त आलं.

मग ब्लेडने मखमल फाडली. हो, आबांची मखमल. आत लाकडाच्या सांगाड्याला एक लोखंडी पट्टी ठोकलेली आहे, छत्रीचा दांडा धरून ठेवायला. तिचे दोन स्क्रू लाकूड फोडून खाली आलेले, डाव्या बाजूला, मागच्या टोकाला. वरून कापूस भरला होता तो दबून दबून चपाती झालाय. घोडी मोकळी असली की काही नाही. वर माणूस बसला, छत्री डुलायला लागली, की ते स्क्रू तिच्या अंगात. किती वरातींत तिने ते सोसले असतील? आबा गेल्यापासून मी अकरा केल्या.

आणि आता मुद्दा. अस्तर शिवलंय ते मोच्याच्या टाक्याने नाही. प्रत्येक टाका वेगळा, गाठ मारून तोडलेला, एका बाजूला ओढलेला. असे टाके मी लहानपणापासून बघत आलेय. म्हशीच्या कासेवर, कुत्र्याच्या पायावर. एकदा माझ्या स्वतःच्या गुडघ्यावर, कारण दवाखाना लांब होता आणि तुमची पिशवी जवळ होती.

उघडू-बिघडू नकोस, म्हणालात. नुसती झूल टाक, म्हणालात. मी वेडी, मला वाटलं तुम्हाला आबांची आठवण हवीय.

टाके तुमचे आहेत, दादा. नाही म्हणून दाखवा.

शर्मिला


सेलू
२८ डिसेंबर २०२४

शर्मिला,

टाके माझे आहेत.

आबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी दोन दिवस आलो होतो, आठवत असेल. तू सेंटरला जायचीस. आबांनी ते खोगीर मागितले. सांगाडा तडकला होता. त्यांना दिव्यांची छत्री हवी होती, बाकीच्या घोडीवाल्यांसारखी. म्हणाले, माझ्या डोळ्यांदेखत लाव. मी पट्टी ठोकली. स्क्रू लांब होते, कापायला हत्यार नव्हते. म्हटले, कापूस जाड भरू, चालून जाईल. जनावराच्या अंगाला काय टोचते हे चौतीस वर्षे लोकांना सांगत आलेला माणूस मी, आणि म्हटले, चालून जाईल.

शिवून झाल्यावर आबांनी खोगिरावरून हात फिरवला आणि म्हणाले, “रावसाहेब, नोकरीत फुकट गेलास रे. हातात कसब हाय तुझ्या.” माझ्या उभ्या आयुष्यात त्यांनी केलेले ते एकच कौतुक. आठवड्याने ते गेले.

घणसोलीचा व्हिडिओ पाहिला त्याच दिवशी मला शंका आली. घोडी पाठ कशी टाकते ते मला कळते. पण ते बोललो असतो तर ते कौतुक खोटे झाले असते. म्हणून घोडीलाच खोटे ठरवले. घोडी डोंगरावर गेली असती, तिथले खोगीर वेगळे, तिची पाठ बरी झाली असती आणि कोणाला काही कळले नसते. हा माझा हिशेब होता.

आता दोन गोष्टी. एक, दोष खोगिराचा निघाला, म्हणजे तुझ्या दाबण्याने काही झाले नाही, हेही सिद्ध झाले. ते मान्य कर. दोन, मानसिंगला दिलेला शब्द तसाच आहे. त्याने टेम्पो ठरवला, जागा केली. चूक माझी, पण शब्दही माझाच. घोडी जाऊ दे. आणि हे पट्टीचे आपल्या दोघांत राहू दे. फेब्रुवारीत आबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला सगळे जमतील, त्यांच्यासमोर मला खाली बघायला लावू नकोस.

रावसाहेब


दिघा
७ जानेवारी २०२५

दादा,
जयभीम.

मानसिंग पाच तारखेला सकाळी आला. टेम्पोत गवत अंथरलेलं होतं, माणूस खरंच वाईट नाही. मी शेडच्या दारात उभी राहिले. म्हटलं, “सावरीला चढवायचं तर आधी मला चढवा.” तो गोंधळला. म्हणाला, “ताई, रावसाहेबांचा शब्द झालाय.” मी ती पट्टी स्क्रूसकट त्याच्या हातात दिली आणि त्याला सावरीच्या डाव्या अंगाला नेलं. त्याने हात ठेवला. घोड्यांत वाढलेला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही. तिने अंग चोरलं तसा त्याने हात काढून घेतला. पट्टीच्या स्क्रूवर अंगठा टेकवून बघितला. मग म्हणाला, “बिथरली म्हणून सांगितली मला. येवढं सोसून दोनच माणसं पाडली? ही तर आपल्यापेक्षा शहाणी हाय.” चहा घेतला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला.

म्हणजे शब्द मोडला. माझा मोडला आणि तुमचाही मोडला. दोन्ही मीच मोडले आणि मला काडीचं वाईट वाटत नाही. ज्या शब्दात सावरीला कोणी विचारलंच नाही, तो आपल्या घरचा असला म्हणून मी डोक्यावर घेऊन फिरणार नाही.

आता तुमच्या दोन गोष्टी. दाबण्याने काही झालं नाही, हे मान्य कर म्हणता. नाही करत. दाबून स्क्रू निघाला नाही, हे खरं. सूज डॉक्टरांच्या औषधाने उतरतेय, हेही खरं. पण दुखतंय हे कोणी सांगितलं? सगळं गाव म्हणत होतं घोडी नासली. मखमल म्हणत होती सगळं ठीक आहे. तुम्हाला तर माहीत होतं, आणि तुम्ही गप्प होतात. बोललं कोण? तिची पाठ बोलली, आणि ऐकलं माझ्या बोटांनी. ज्या बोटांना तुम्ही अकरा वर्षं हसताय त्यांनीच. रोज वीस मिनिटं मी तिच्यापाशी उभी राहते आणि राहणार. डॉक्टर मैत्री म्हणतात, दोन-तीन महिने पाठीवर काही नको. छत्री तर पुन्हा कधीच नाही. कोणाला दिव्यांची छत्री हवी असेल त्याने स्वतःच्या डोक्यावर धरावी.

आणि हे आपल्या दोघांत राहणार नाही. आबांच्या स्मृतिदिनाला खोगीर मी सगळ्यांसमोर ठेवणार आहे, फाडलेलं, तसंच. तुम्हाला खाली बघायला लावायला नाही. आबांनी तुमच्या हाताचं कौतुक केलं ते मला खोटं वाटत नाही, दादा. हात चांगलाच आहे तुमचा. माझ्या गुडघ्यावरचा व्रण आज दिसतसुद्धा नाही. पण त्या हाताने तिला दुखवलं, आणि तोंडाने तिच्यावरच आळ घेतला. तो आळ चारचौघांत घेतला होता, तो चारचौघांतच उतरला पाहिजे. सावरीचे कागद माझ्या नावाने करून आणा, तेही सगळ्यांसमोर द्या.

माफी मला नको. तुम्ही आलात की घरात नंतर या, आधी शेडमध्ये या. मोकळ्या हाताने या. मानेपासून सुरुवात करा, जोर करू नका, तिच्याकडे बघत राहा. मग कण्यापासून चार बोटं सोडून, डाव्या बाजूला, तळवा ठेवा आणि वाट बघा. जे म्हणायचं ते तिला म्हणा.

तिने लाथ मारली तर तो तिचा हक्क आहे. मी लगाम धरणार नाही.

तुमची बहीण,
शर्मिला